मार्थाक्काचा झाकलेला हंडा

टँकरच्या रांगेत हंडा ठेवला की माणसानं दुसरं करायचं काय? बोलायचं! दुष्काळाच्या त्या साली आमच्या गावच्या विहिरीत गाळ साठला आणि रांगेत किस्से. गाळ निदान उपसता यायचा!

त्यातले मुंबईच्या हॉटेलाचे किस्से मात्र माझे. पाथर्डी तालुक्यात दुसऱ्या कुण्या बाईनं तसलं हॉटेल आतून पाहिलं असेल तर तिनं खुशाल पुढं यावं.

शेजारी याकोबमामा आणि मार्थाक्का. मामा मिशनच्या शाळेतले रिटायर मास्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. एकुलता एक मुलगा शामू, म्हणजे सॅम्युएल. बोटीवर नोकरीला लागला, आणि तिकडंच मडम करून राहिला. किती वर्षांत गावाकडं फिरकला नव्हता. त्याचा निरोप आला : मडमेला घेऊन मुंबईला येतोय, चार दिवस आहे, तुम्ही हॉटेलवरच या.

भिंत एकच, तेव्हा निरोप मलाही ऐकू आला. मी लगेच गेले. "मामांना दिसत नाही, तुम्हाला वाट माहीत नाही. सोबत नको?"

मामा म्हणाले, "गयाबाई, तू आली न्हाईस तर आमाला कोन सांगनार, आमच्या घरात काय चाललंय ते!"

*

पण निरोप आला त्याच दिवशी मार्थाक्कानं एक काम केलं. तांब्याचा हंडा घासला, काठोकाठ भरला, वर ताट झाकलं, ताटावर वरवंटा ठेवला.

"हे काय?"

"शामूच्या आंघोळीचं. हॉटेलातून त्याला घेऊनच यायचं. एक रात राहू दे, पन घरी येऊ दे."

दर टँकरला ती हंड्यातलं पाणी बदलायची. जुनं स्वतः प्यायची, नवं शामूला! आणि आम्ही? आम्ही बाजेवर बसून आंघोळ करायचो. बाजेखाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात धुणं, धुण्याचं पाणी लिंबाच्या झाडाला. मामा तर तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे, तीही रविवारी, चर्चला जायचं म्हणून.

एकदा माझी म्हैस जीभ बाहेर काढून बसली. मी म्हटलं, "आक्का, अर्धा हंडा दे गं."

ती म्हणाली, "माजा जीव माग. शामूचं पानी मागू नको."

*

हॉटेल समुद्राकाठचं, इंग्रजांच्या वेळचं. वर घुमट, आत संगमरवर. राजेरजवाडे उतरायचे म्हणे. दारात भरजरी फेटा, लाल कोट, या एवढ्या मिशा असा एक माणूस उभा. मोतीबिंदूतून मामांना तो कोणी संस्थानिक वाटला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वाकून दोन्ही हात जोडले.

तो माणूस ओठ न हलवता पुटपुटला, "मामा, हात खाली घ्या! मी शेवगावचा हाय. साहेबानं बघितलं तर नोकरी जाईल माजी!"

मामा सरळ झाले. शेवगाव म्हणजे आमच्या शेजारचाच तालुका. तो दार उघडता उघडता परत पुटपुटला, "तिकडं पाऊस?"

"न्हाई बा."

त्यानं दार उघडलं. मागनं मोटारीतून उतरलेल्या साहेबाला सलाम ठोकला. मी वळून बघितलं, तर मिशा तशाच ताठ, डोळे मात्र आमच्याच मागं.

*

शामू चांगला गोरागोमटा झाला होता. मडम गोड हसायची. मार्थाक्कानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलाच सवाल, "गावाकडं कधी निघायचं?"

"बघू ना आई. आधी जेवू."

जेवायला खाली. पांढरीशुभ्र टेबलं. वेटरनं ग्लासात पाणी ओतलं. मामांनी ते प्यायलं. आमच्याकडं त्या साली ग्लासात पाणी उरवणं म्हणजे पाप! ग्लास रिकामा दिसला की वेटर धावत यायचा, भरायचा. मामा प्यायचे. तो भरायचा. मामांच्या कपाळावर घाम.

शामू म्हणाला, "बाबा, ठेवा ना तसाच!"

"आरं, पन तो वततोय!"

"तुम्ही पिताय म्हणून तो ओततोय!"

मामा हट्टाला पेटले. शेवटी जेवण आलं तेव्हा त्यांच्या पोटात घासभर जागा उरली नव्हती. पोट धरून बसले आणि म्हणाले, "गयाबाई, गावात सांगू नको. पानी पिऊन दमलो म्हनलं तर मारतील मला!"

*

आमच्या खोलीच्या बाथरूममध्ये न्हाणीचा टब होता, पांढरा, म्हशीला पोहता येईल एवढा. नळ सोडला की धो धो! मार्थाक्कानं आधी तो घट्ट बंद केला आणि कान लावून बघितलं, गळतो का.

मग आम्ही टबात स्टूल ठेवून एकेक बादली आंघोळ केली. बूच काढायचं नाही! त्यात लुगडी धुतली. तेही पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सफाईवाला आला. ते काळंमिट्ट पाणी बघून "अरेरे!" म्हणाला आणि बूच उपटलं.

गुडगुड आवाज ऐकून मार्थाक्का धावली आणि तिनं भोकावर तळहात दाबून धरला. "आरं बाबा, थांब! अजून फरशी पुसायची हाय!"

"बाई, नळ सोडा. पाहिजे तेवढं येतंय."

"आन् हे कुटं जातं?"

"समुद्रात."

तिनं हात काढला. पाणी संपेपर्यंत तिथंच बसून राहिली. त्या दुपारी ती जेवली नाही.

*

"उद्या बघू" असं शामू दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा खरं बोलला. मी दाराशी होते. सहजच.

"आई, हिला तिकडचं पाणी सोसायचं नाही."

"तिला राहू दे हितं. तू ये."

"परवा पहाटे विमान आहे गं. जायला एक दिवस, यायला एक दिवस. कसं जमणार?"

मामा म्हणाले, "पोरा, यष्टी रातची बी असती." एवढंच.

शामूनं खिडकीचा पडदा सारला आणि म्हणाला, "बघा तरी, समुद्र किती छान दिसतो!"

मामा तिकडं तोंड करून बसले. मोतीबिंदू! त्यांना काय दिसणार!

*

आम्ही निघायच्या सकाळी शामू कोटबूट घालून भेटायला आला. मार्थाक्का म्हणाली, "आंघोळ केली?"

"केली आई, मघाच."

"मी न्हाई घातली."

तो हसला. मडमही हसली. मार्थाक्का नाही हसली. तिनं त्याचा कोट काढला, बूट काढले, त्याला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं. एवढा मोठा बाप्या, पाटलोणीसकट टबात मांडी घालून बसला. तिनं गावाकडून आणलेला तांब्या घेतला आणि नळ पूर्ण सोडला. पहिल्यांदाच! डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून त्याच्या कपाळावर हात आडवा धरला आणि तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतला. कानामागं चोळलं, मान चोळली. आधी शामू हसत होता, मग त्यानं आपणहून मान पुढं केली.

शेवटी तिनं स्वतःच्या हातानं बूच काढलं.

येताना यष्टीत ती एक शब्द बोलली नाही. मीसुद्धा नाही, म्हणून मामांनी दोनदा विचारलं, "गयाबाई, हायेस ना?"

घरी पोचलो. पिशवी ठेवायच्या आधी मार्थाक्कानं वरवंटा उचलला, ताट काढलं, हंडा कमरेवर घेतला आणि माझ्या दारात आणून ठेवला.

"तुज्या म्हशीला पाज."

"अगं, हे शामूचं ना?"

"शामूची आंघोळ झाली."