ओल्या भिंतीवरचा पंजा

ओल्या चुन्याचा वास आला की मला तेरेखोलच्या टेकडीवरचा पांढराशुभ्र किल्ला आठवतो. गोव्याला राज्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, फेरीबोटीनं नदी ओलांडून आम्ही तो बघायला गेलो होतो. मी सात वर्षांची. वर चुना देणं चाललं होतं आणि धावता धावता मी ओल्या भिंतीवरच हात टेकला. सावंतवाडीकडून कामाला आलेली एक बाई कुंचा टाकून धावली. "पाणी लाव नको गो बाय, हात भाजतलो," म्हणत तिनं स्वतःच्या हातांसाठी आणलेलं बाटलीतलं उरलंसुरलं खोबरेल माझ्या तळव्याला चोळलं. तेवढ्यात मुकादम ओरडला, "ह्यो हात कोणाचो?" आईनं माझी मूठ पदराखाली घेतली आणि शांतपणे म्हणाली, "त्या बाईचा." भिंतीवरचा पंजा एवढासा होता, मुकादमालाही तो दिसत होता. तरी त्यानं बाईला कामावरून काढून तिथूनच टेकडी उतरायला लावलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही तटावर बसून, समुद्र बघत, पावभाजी खाल्ली. आईनं मूठ केव्हाच सोडली होती. मीच ती उघडली नाही. हात मात्र माझा जराही भाजला नाही. तेल तिनं नीट लावलं होतं.