लेकीच्या घरचं पाणी

शेषेराव मामा नांदेडहून आमच्याकडे लातूरला आले, की सोबत फडक्यात भाकरी आणि पाण्याची बाटली असायचीच. मामा म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे, पुनमचे वडील. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली त्यांनी. शाळांची हजेरीबुकं, ग्रंथालयातल्या फाटक्या कादंबऱ्या. बोटांना अजून खळीचा वास येतो. माणूस मऊ, पण एका बाबतीत दगड. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा जुन्या लोकांचा रिवाज. पुनमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. मामांनी बाटली तोंडाला लावली की ती उठून आत जायची. त्यांना वाटायचं, पोरीला काम असेल.

पुनम कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा तिनं एका ग्रीक कवयित्रीचं पुस्तक इंग्रजीवरून मराठीत आणलं. दहा प्रती छापून घेतल्या आणि हट्ट धरला, शिवणार ते बाबाच. मामा दाभण-दोरा घेऊन गॅलरीत बसले. न वाचलेलं पान ते शिवत नाहीत.

"पुने, हे पान अर्धं कोरंच हाय की! छापणारा झोपला व्हता का?"

"तसंच आहे ते, बाबा. आताच्या कवितेत जागा सोडतात."

"म्हंजे हवाच शिवायची म्हणा."

मी जेवायला हाक मारली. "न्हाई बाई, भाकर हाय माझी," मामा म्हणाले. पुनम आत गेली.

दुपारी एका कवितेवर त्यांचा हात थांबला. गोष्ट ग्रीकांच्या पुराणातली. धरतीमातेची लेक पाताळाचा राजा पळवून नेतो. तिथले डाळिंबाचे दाणे तिनं खाल्लेले, म्हणून दरवर्षी काही महिने तिला तिथं राहावंच लागतं. या कवितेत मात्र पाताळाला लिफ्ट आहे, वॉचमन आहे, आणि आई हातात अर्ज घेऊन रांगेत उभी आहे.

"बाई, ही माय दारातूनच माघारी जाती व्हय?" मामांनी मला विचारलं.

"हो. आत गेली तर काहीतरी खावं लागेल, म्हणून भिते."

"येडी हाय. तिनं बी चार दाणे खायाचे. लेकीला तिथं एकटी काहून ठेवायची?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मामा बोलून गेले आणि त्यांची नजर शेजारच्या भाकरीच्या फडक्यावर गेली. त्यांनी दोरा बाजूला ठेवला. मग हाक मारली, "पुने, पानी आन."

पुनमनं सवयीनं त्यांची बाटली आणली.

"ती न्हाई. तुझ्या माठातलं."

ती तशीच उभी. "बाबा, गावात लोक काय म्हणतील?"

"गावाला मी सांगतो. तू आन."

तिनं तांब्या इतका काठोकाठ भरला, की निम्मं मामांच्या सदऱ्यावर सांडलं. नंतर ताटही वाढलं. मामांनी पहिला घास घेतला, जरा थांबले.

"वरणात मीठ कमी हाय."

"चौदा वर्षांनी जेवताय, आणि पहिल्याच घासाला नावं!" पुनम डोळे पुसत, हसत मीठ आणायला धावली.