काचेच्या खोलीची किल्ली

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. कारण तुम्ही हसणार, आणि ही चादर मी आजच घातलीये. हिनंच तर माझी लाज काढली!

वारज्याला आमच्या शेजारी मृणालताईंचा बंगला. त्यांनी पुढच्या अंगणात सागवानी चौकटीची, चारी बाजूंनी काचेची खोली बांधून घेतली. आत कुंड्या, वेताची खुर्ची. आठवडाभर लेकीकडे खराडीला जायचं होतं, म्हणून खोलीची किल्ली त्या समोरच्या शेख वहिनींना देणार होत्या. आता तुम्हीच सांगा, कुंपणाला कुंपण लावून मी राहते आणि किल्ली समोर? "अहो, मी आहे ना," म्हणत मी ती जवळजवळ ओढूनच घेतली.

ताईंनी एकच बजावलं. "वरच्या खिडक्या रोज उघडायच्या. लाकूड आहे, हवा खेळती राहू दे."

मी मान डोलावली. पण बाहेर श्रावणातली झड, आणि खिडक्या उघडायच्या? ओल नाही का आत यायची? मी त्या गच्च लावून टाकल्या. लाकडाची काळजी ताईंपेक्षा मलाच जास्त!

तेव्हा आमच्या घरात कपडे वाळतच नव्हते. ह्यांच्या बनियनांना कुबट वास यायला लागला होता. आणि इथे अख्खी कोरडी खोली रिकामी! कुंड्यांना पाणी घालायला जायचंच आहे, तर जाताना बादली न्यायला काय हरकत? दोरी बांधली. चादरी, टॉवेल, ह्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या.

तीन-चार दिवसांत काचांवर वाफ धरली. दार घट्ट लागायला लागलं. मी म्हटलं, वा, काय मजबूत काम केलंय सुतारानं!

शनिवारी मी आत शिरले, दार दोन्ही हातांनी ओढून लावलं, आणि ते बसलंच. धक्के मारले, खांदा लावला. हलेना. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. वरच्या खिडक्यांचंही तेच. मोबाईल घरी, चार्जिंगला. शेवटी काच बडवून हाका मारल्या.

बाहेर कुजबुज ऐकू आली. कोण आलंय बघावं म्हणून मी पदरानं काचेवर गोल पुसलं, झरोक्यासारखं. सवय हो, दुसरं काय! पाहते तर सगळी गल्ली माझ्याकडेच बघत होती. सगळ्यांच्या पुढे आमचे हे.

"अगं, बाहेर ये."

"दार उघडत नाहीये."

"मग बस कपडे वाळेपर्यंत."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मृणालताई! मी झटकन चादरीमागे लपले. काचेच्या खोलीत, बरं का! खाली माझे पाय दिसत होते, वर ह्यांच्या चड्ड्या.

ह्यांनी आणि शेखभाईंनी मिळून दार खेचून उघडलं. ताई आत आल्या. चौकटीवर बुरशीचे काळे ठिपके उठले होते. त्यांनी ते पाहिले, मग एक टॉवेल चिमटीत धरून पाहिला.

"दमट आहे अजून," त्या म्हणाल्या. "आपण हे कपडे न्यायला उद्या परत येणार होता का?"

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि बादली घेऊन निघाले.

बुरशी नंतर मीच पुसून काढली, सुताराला आणून दारही तासून घेतलं. ताई अजून चहाला बोलावतात. पण किल्ली आता शेख वहिनींकडे. त्या रोज सकाळी वरच्या खिडक्या उघडतात. काल मात्र डावीकडची एक राहिलीच!

मला कसं कळलं? अहो, स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरते ना, ती मी पुसत होते.