डॉक्टरकीच्या मधल्या वर्षातले पराक्रम

मेडिकलच्या पोरांकडे किस्से साठतात ते धुवायच्या कपड्यांसारखे. रोज थोडे थोडे, आणि एक दिवस खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. माझा ढीग एकाच वर्षातला आहे. दोस्तांना सांगताना मी त्यांना भरपूर हसवतो, पण खरं सांगू? त्यातले बहुतेक आठवले की मला लाज वाटते. शेवटचा तर अजून कुणाला सांगितलेलाच नाही.

मी सोलापूरचा, मेडिकलला इंग्लंडात. तिकडे डॉक्टरकीच्या मध्येच एक वर्ष बाजूला काढून दुसऱ्या विषयाची डिग्री घेता येते. तिला इंटरकॅलेटेड डिग्री म्हणतात. मी स्पोर्ट्स सायन्स घेतलं.

सोलापुरात आमच्या जुळे सोलापूर भागात बातमी पोचली तसे शेजारचे काका आईला म्हणाले, "वर्ष गेलं वाटतं पोराचं? होतं असं, वहिनी. मनाला लावून घेऊ नका!"

आईनं लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांना सांगायला लागली, "तो आता खेळाडूंचा डॉक्टर झालाय."

मी फोनवर म्हणालो, "आई, अजून मी साधा डॉक्टरही झालो नाही."

"ते मला सांगितलंस, बास. काकांना सांगू नकोस!"

मीही नाही सांगितलं.

*

पहिल्याच आठवड्यात कुणात किती दम आहे ते मोजायला आम्हाला तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवलं. शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बसून राहणारा मी! सहा मिनिटांत हात वर केले. ग्राफवर वर्गातल्या सगळ्यांचे ठिपके वर, माझा एकट्याचा तळाला.

मॅडम प्रेमानं म्हणाल्या, "छान झालं. खालच्या टोकाला कुणीतरी हवंच होतं!"

*

प्रोजेक्टसाठी सुट्टीत जेऊरला गेलो. मामा तिथं शाळेत पीटीचे सर. सकाळी ते पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवतात. मी त्यांच्या छातीला पट्टा लावून ठोके मोजणार होतो.

मामांनी ओळख करून दिली, "हा माझा भाचा. इंग्लंडचा डॉक्टर हाय." मी तेही खोडलं नाही, पट्टे वाटायला लागलो.

त्या पोरींत कोमल होती. मेंढपाळाची लेक, दोन भरत्यांत थोडक्यात हुकलेली. तिच्या आबांनी बजावलं होतं, "ही शेवटची. न्हाय जमलं तर मेंढरं हायतीच."

मी तिला पळण्याची पद्धत समजावली. हात असा, पाऊल तसं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर, एक राउंड पळून दावा की!"

सगळं ग्राउंड बघायला थांबलं. माझा बूट फाटलाय, असं मी सांगितलं. बूट कोरे करकरीत होते.

*

एकदा आबा मेंढरं घेऊन ग्राउंडच्या कडेनं चालले होते. उत्साहाच्या भरात त्यांनाही पट्टा लावला. मिनिटाला शेहेचाळीस ठोके! पट्टा काढून पुन्हा लावला, तरी तेवढेच.

"आबा, हृदय फार हळू चाललंय. उन्हात जाऊ नका, पडून राहा."

दोन दिवस आबा बाजेवर, आणि कोमल सराव सोडून मेंढरांमागं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना करमाळ्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला आणि विचारलं, "रोज चालता किती?"

"सा-सात कोस. मेंढरं नेत्याल तितं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कसलेल्या माणसाचे ठोके हळूच असतात. तुम्ही काय शिकता म्हणालात?"

मी हळूच सांगितलं.

"मग परत जाऊन नीट शिका!"

येताना एसटीत आबा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन दिस पोरीचं पळणं बुडालं की वो."

*

आता तो शेवटचा. सगळ्यांची एक चाचणी राहिली होती, जीव तोडून आठशे मीटर पळायची. माझं विमान गुरुवारी, कोमलची भरती शुक्रवारी. मी चाचणी बुधवारी ठेवली.

मामा म्हणाले, "अरं, तिला तेवढं सोड. परवा भरतीचं ग्राउंड हाय तिचं."

"मामा, एक आकडा कमी पडला तर प्रोजेक्ट अडकेल."

कोमलनंही विचारलं, "डॉक्टर, आज पळलं तर चालंल न्हवं?"

याचं उत्तर मला पाठ होतं. स्पर्धेच्या तोंडावर खेळाडूला असं पळवायचं नसतं, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.

"काही होत नाही," मी म्हणालो.

ती पळाली. काय पळाली! भरतीत पूर्ण मार्क पडतील अशी वेळ. मी टाळ्या वाजवल्या आणि आकडा लिहून घेतला. शुक्रवारी तिचे पाय उचललेच नाहीत, मामांनी फोनवर सांगितलं.

यादी लागली, त्यात ती नव्हती. माझ्या प्रोजेक्टला मात्र वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. मग तिचा मेसेज आला.

"डॉक्टर, आबा म्हंत्यात मी जोरच लावला न्हाय. मामा सर बुधवारच्या पळण्याचं सांगत्यात, पर त्येंचं आबास्नी पटंना. माजा त्या दिवसाचा टाइम तुमी लिवलाय न्हवं? त्यो छापलेला कागद पाठवा की. त्यो बगून आनि एक डाव पळू देत्याल."

निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं, म्हणून मी लगेच प्रोजेक्ट उघडला. अशा अभ्यासात माणसांची ओळख द्यायची नसते, नंबर घालतात. तिच्या वेळेसमोर 'सब्जेक्ट अकरा' असं छापलं होतं. त्या पानाचा फोटो काढून पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"डॉक्टर, ह्यात माजं नाव कुटं हाय?"