उजव्या हाताचं कुंपण

व्हर्ला टॉल्मनला राग आला की ती भांडी आपटत नसे, कणीक तिंबत असे. वायोमिंगमधल्या आमच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा, वाडगा आणि सोबत दालचिनीचा रोल हा शाळेचा ठरलेला बेत. ज्या दिवशी रोल कापसासारखे हलके होत, त्या दिवशी मुलं रांगेतच एकमेकांना कोपरानं ढोसत, "आज बाई तापल्यात!"

पुढे नोकरी संपली, नवरा वेन्डेल गेला, घरी रोल खायला कोणी उरलं नाही. राग मात्र उरला. तो हरणांपायी होता.

डोंगरात बर्फ धरू लागलं की खेचरासारख्या लांब कानांची ही हरणं खालच्या उतारांवर, सेजच्या करड्या झुडपांत हिवाळा काढायला उतरतात. आई ज्या घळीतून गेली त्याच घळीतून लेक जाते, आणि लेकीची लेकही. वाट बदलणं त्यांच्या रक्तातच नाही. व्हर्ला लहान असताना हरणं उतरायला लागली की डोंगरच हलायला लागल्यासारखा वाटे. आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती कॉफी घेऊन उभी राही आणि कॉफी निवायच्या आत कळप संपून जाई.

हरणं घटण्यामागे गावात ज्याचा त्याचा एक लाडका गुन्हेगार होता. कोणी म्हणे पहाडी सिंह, कोणी म्हणे बाहेरगावचे शिकारी, कोणी म्हणे दुष्काळ, कोणी म्हणे सरकारचं शिकार खातं. एवढं खरं की प्रत्येकाचा गुन्हेगार त्याच्या स्वतःच्या अंगणाबाहेर राहत होता. व्हर्लाच्या थोरल्या भावाचा, ओर्लोचा, गुन्हेगार होता कोयोट, आमच्या रानातला कोल्हा. दर हिवाळ्याच्या तोंडाशी ओर्लो कोयोट मारण्याची स्पर्धा भरवी, आणि जिंकणाऱ्याला पट्ट्याचं चकचकीत बक्कल मिळे.

ओर्लो दुष्ट नव्हता. मागच्या एका भयंकर हिवाळ्यात त्याने स्वतःच्या गाईंच्या तोंडचा लसूणघासाचा चारा हरणांपुढे टाकला होता. सगळ्या गावानेच टाकला होता. चर्चच्या बायकांनी तर त्यासाठी केक विकले. हरणं आली, अधाशासारखी खाऊन गेली, आणि आठवड्याभरात गंजींभोवती मरून पडली. हिवाळ्यात झुडपांच्या काटक्या चघळणारं पोट ते, त्याला हा चारा पचेना. भरल्या पोटी मेली बिचारी. त्यावर ओर्लो काय म्हणाला? "कोयोटनं दमवली असणार आधी."

पण व्हर्लाच्या रागाचं खरं मूळ कुंपण होतं.

बापाने जमीन दोघा भावंडांत वाटली तेव्हा मधल्या कुंपणाचा निवाडा इकडच्या रिवाजाप्रमाणे झाला. कुंपणाच्या मधोमध दोन्ही शेजाऱ्यांनी आपापल्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जे कुंपण, ते त्याचं. त्याची डागडुजी त्याने करायची आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. ती मधली जागा कळावी म्हणून बापाने तिथल्या खांबाला घोड्याचा नाल ठोकला होता.

कुंपण मेंढ्यांच्या काळातलं. खाली दाट जाळी, वर एकमेकींना लागून दोन काटेरी तारा. मेंढ्या कधीच्या विकल्या गेल्या, आता दोन्हीकडे गाईच चरत. तरी जाळी तशीच. पाडसं जाळीखालून जाऊ शकत नाहीत. मोठी हरणं उडी मारतात, आणि दमलेल्या हरणाचा मागचा पाय त्या दोन तारांत सापडला की तारा पिळून बसतात. वेन्डेलच्या माघारी व्हर्लाने आपल्या हाताकडची सगळी जाळी उपसून काढली होती. पण घळ ओर्लोच्या हाताकडे होती. मोकळी जागा डोळ्यांसमोर असूनही हरणं आपल्या आजीच्याच वाटेने जात.

एका वर्षी स्पर्धेच्या दिवशी सकाळी व्हर्लाला घळीत एक मादी दिसली, मागच्या पायाने तारेला उलटी लटकलेली. तिने खुरांनी खालची माती उकरून उकरून खड्डा केला होता. ती गार झालेली होती. जाळीच्या पलीकडे तिचं पाडस उभं होतं. व्हर्ला जवळ गेली तरी ते फार लांब पळालं नाही.

व्हर्लाने पक्कड आणि सुरी आणली.

दुपारी आर्डिसच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पिकअप गाड्यांत मेलेले कोयोट रचलेले, आत टोप्या, हशा आणि बशांतून फळं भरलेली गोड पाई. ओर्लो काउंटरशी बसून सांगत होता, "एकेक कोयोट म्हणजे पाच पाडसं वाचली, समजा!"

व्हर्ला आली आणि तिने पोत्यातून एक वस्तू काढून त्याच्या पाईच्या बशीशेजारी ठेवली. हरणाचा पाय होता, पिळलेल्या दोन तारांसकट.

"अगं, अन्नाच्या जागी!" आर्डिस ओरडली.

"पुसून देईन मी, आर्डिस. तीस वर्षं काउंटरच पुसलेत." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "ओर्लो, हे काम कोणत्या कोयोटचं?"

"घरी बोलू."

"घरी मी भिंतींशी बोलते. ही नव्या तारेची गाठ बघ. दुहेरी वेढा, टोक आत वळवलेलं. बाबांची गाठ. ती फक्त तुला न् मला येते, आणि मी ती जागा बांधलेली नाही. मग कोयोटला कोणी शिकवली?"

मागून कोणीतरी हसलं. ओर्लोचा चेहरा बीटासारखा झाला. "आणि खालचा उतार कोणी विकला, व्हर्ला? हरणांची हिवाळ्याची जागा होती ती. आज तिथं घरं आहेत, कुत्री आहेत. सही माझी होती का?"

"माझी होती," व्हर्ला म्हणाली. "वेन्डेलची न् माझी. खिडकीतून रोज बघते मी ती घरं. ती मला पाडता येत नाहीत. तुझी जाळी काढता येते."

"माझ्या हाताकडच्या तारेला बोट लावायचं नाही."

तिने काउंटर पुसला, पाय पोत्यात घातला आणि घरी जाऊन इतकी कणीक तिंबली की टेबल सरकत भिंतीला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्लोला कुंपणाशी ती दिसली. नालाच्या खांबापासून घळीपर्यंतची जाळी तिने सोडवली होती आणि ती आता वरची काटेरी तार कापत होती. ओर्लो गाडीतून उतरला तोच ओरडत.

"शेरीफला बोलावू का?"

"बोलव. लहानपणी चार-चार रोल खायचा तो. येताना भूक घेऊन ये म्हणावं."

"तू माझ्या जमिनीत उभी आहेस!"

"हो. मुद्दाम." ती नालाच्या खांबाशी परत आली, कुंपणाच्या ओर्लोकडच्या बाजूला उभी राहिली, आपल्या घराकडे तोंड केलं आणि उजवा हात लांब केला. तो सरळ घळीकडे गेला. "बघ. इथून हे माझं."

"बाबांनी असं शिकवलं नव्हतं."

"बाबांनी मेंढ्या राखायला शिकवलं होतं. कुठायत तुझ्या मेंढ्या? कमरेएवढ्या उंचीवर एक साधी तार ओढून देते, तुझ्या गाई कुठं जात नाहीत. आणि नको असेल तर पुन्हा जाळी बांध. पण मग पुढच्या मादीला तारेवरून तू उतरव. मी उतरवणार नाही. तिचं पाडस उभं असेल पलीकडे, त्याला तू सांग कोयोटची गोष्ट."

ओर्लोची नजर घळीतल्या त्या उकरलेल्या खड्ड्यावर गेली. व्हर्ला तार कापत राहिली, खांबांतून उपटलेले खिळे बर्फात पडत राहिले. मग तो गुरगुरला, "खिळे असे टाकतात का? गाईच्या पोटात गेले तर मरेल गाय." आणि टोपी काढून, गुडघ्यांवर बसून, तो एकेक खिळा बर्फातून वेचून टोपीत टाकू लागला. तिने त्याला थँक्यू म्हटलं नाही. त्यानेही पक्कड मागितली नाही.

चार-दोन दिवसांनी, उन्हं कलताना कळप घळीतून उतरला. एकाही हरणाला उडी मारावी लागली नाही. शेवटच्या मादीच्या मागे थोडं अंतर ठेवून एक एकटं पाडस चाललं होतं. ते तेच असेल, नसेलही. कळप खालच्या घरांपाशी पोचला, कुत्री भुंकली, आणि सगळी हरणं बिचकून वळली. झुडपं नसलेल्या खडकाळ कडेला जाऊन ती उभी राहिली.

खिडकीशी व्हर्लाची कॉफी अजून निवली नव्हती. तिने कप ठेवला, पिठाचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी त्या घरांतल्या एकेकाच्या दारावर ती रोलचं ताट घेऊन थाप मारणार होती, आणि कुत्री हिवाळाभर बांधून ठेवा म्हणून सांगणार होती. रोल अतिशय हलके झाले.