तीन घरं अलीकडे

सुट्टी लागली की आपण सावाई बेटाला एक फेरी मारणार, आणि तीही एकट्याने, हे एलुनेदने जेवताना जाहीर केलं तेव्हा पुलेआच्या हातातला नीरफणसाचा तुकडा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"एकटी?" तो म्हणाला. "का? आमच्या घरातली माणसं संपली?"

एलुनेद वेल्सहून आलेली स्वयंसेवक शिक्षिका. गावच्या शाळेत गणित शिकवायची आणि राहायची पुलेआच्या घरी. पुलेआ हा त्या कुटुंबाचा मानकरी, म्हणजे पंगतीत पहिला आणि कामाच्या वेळी सल्ला द्यायला हजर.

"माझ्या देशात मी एकटीच फिरते की," ती म्हणाली.

"तिथे तुझं कुणी नसेल, पोरी," पुलेआ कळवळून म्हणाला. "इथे तू एकटी दिसलीस तर लोक विचारतील, ही कुणाच्या घरची? मग माझं नाव निघेल. मग मी रविवारी चर्चमध्ये तोंड कुठे लपवू?"

थोडक्यात, सोबतीला कुणीतरी जाणं भाग होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सवयीप्रमाणे वाएलुपेकडे पाहिलं.

वाएलुपे ही पुलेआची थोरली बहीण. साठीला टेकलेली, बिनलग्नाची, आणि म्हणून घरादाराच्या मते कायमची रिकामी. हे रिकामपण असं, की पहाटे भट्टीचे दगड तापवायचे, अळकुड्या सोलायच्या, नारळ खवायचे, चटया विणायच्या, भावाची पोरं वाढवायची, मग त्या पोरांची पोरं वाढवायची, आणि उरलेल्या वेळात रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "या, जेवून जा" अशी हाक मारायची. घराला भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे तिच्या हाकेतून कुणी सुटत नसे. डुक्करचोरीवरून शेजाऱ्याला पकडायला आलेल्या पोलिसालाही तिने आधी बसवून कोको पाजला होता. त्याचा पेला संपेपर्यंत शेजारी होडीतून पसार.

"मी नाही जायची," वाएलुपे म्हणाली. "माझे गुडघे कोण वाहणार?"

"सोबत ने त्यांना, ताई. त्यांनीही जग बघू दे," पुलेआ म्हणाला.

ती पुटपुटत उठली. पण सकाळी तिची पिशवी सगळ्यांच्या आधी भरून तयार होती, आणि चर्चच्या सणासाठी शिवलेला निळा झगा तिने तळाशी घडी घालून ठेवला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बेटाला फेरी मारणारा रस्ता एकच. तो फांगालोतो गावातून जातो आणि फांगालोतोत माइना राहते.

माइना ही वाएलुपेची धाकटी बहीण. तरुणपणी एका बस ड्रायव्हरबरोबर पळून गेली. पळून जाण्यात तसं काही नवल नाही. आपल्याकडे निम्मी लग्नं तशीच होतात. चार दिवस आरडाओरडा होतो, मग जावई डुक्कर घेऊन येतो आणि सगळे रुसलेले ते पोटभर खातात. पण यांचा बाप हट्टी. त्याने डुक्कर परत पाठवलं. डुक्कर परत पाठवणारा माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता.

मग बाप वारला. मयतीला माइना आली आणि अगदी टोकाच्या खांबाशी बसली. चुलीपाशी वाएलुपे होती. आख्खं गाव जेवलं, परगावचे जेवले, ज्यांना बाप कोण हेही माहीत नव्हतं ते दोनदा जेवले. माइनाला कुणी "जेव" म्हटलं नाही. संध्याकाळी ती उठली आणि नवऱ्याच्या बसमध्ये बसून निघून गेली. जिच्या हाकेतून पोलीस सुटला नाही, तिच्या हाकेला सख्खी बहीण मुकली.

तेव्हापासून दोघी बेटाच्या दोन टोकांना. जेवायला न बोलावणारीने कुठल्या तोंडाने बहिणीच्या दारात जायचं? आणि जिला बोलावलं नाही, तिने आधी का बोलवावं? वाएलुपेला एकदाच, मरायच्या आधी, तिच्यासमोर बसायचं होतं. निमित्त मिळत नव्हतं. आता ते वेल्सहून चालत आलं होतं, तेही गणित शिकवत.

प्रवास चांगला झाला. एलुनेदने गोड्या पाण्याच्या झऱ्यात पोहून घेतलं. वाएलुपे, घरातल्या पोरांची आणि म्हणून एलुनेदचीही आत्या, काठावर बसून "खोल जाऊ नकोस" म्हणत राहिली. खडकातल्या भोकातून समुद्राचं पाणी कारंज्यासारखं उसळतं तिथे लोक नारळ टाकून तो आभाळात उडालेला बघत होते. "बघ, चांगले नारळ वाया घालवतात," एवढंच आत्या म्हणाली. काळ्या लाव्ह्याच्या मैदानावर एलुनेद भारावून उभी राहिली, तर आत्याने विचारलं, "इथे काय पिकतं?" रोज मुक्कामाला कुणी ना कुणी नातलग निघायचा, चटई अंथरली जायची, आणि त्या घरचे लोक या दोघींचं जेवण होईपर्यंत पंख्याने माश्या वारत बसायचे.

"आत्या, तुझे नातेवाईक नाहीत असं एखादं तरी गाव आहे का?"

"असेल. मी अजून तिथे जेवले नाही."

फांगालोतोकडे जाणारी बस आली आणि आत्याचं तोंड बंद झालं. ड्रायव्हर ओळखीचा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण कान तेच. बस खचाखच भरलेली. एलुनेद रीतीप्रमाणे एका जाडजूड बाईच्या मांडीवर बसली आणि आत्या तिच्यामागे, विणलेल्या पंख्याआड तोंड लपवून. ड्रायव्हरने एकदा आरशात पाहिलं. मग हात लांबवून गाण्याचा आवाज बारीक केला. या बसमध्ये गाणं बारीक झालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"काय हो, बिघडलं का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

ड्रायव्हरने नुसता गिअर बदलला.

फांगालोतोबाहेरचा पूल आला तशी आत्याने छतावर थाप मारली. "उतर, एलू. मला गरगरतंय."

उतरल्यावर गरगरणं लगेच थांबलं. आत्या झुडपाआड गेली आणि निळा झगा घालून आली. मग ती चालू लागली, पण काय ते चालणं! चार पावलं टाकायची, चप्पल काढून झटकायची. पुन्हा चार पावलं, एखाद्या डुकराची चौकशी.

"आत्या, अशाने अंधार पडेल."

"पडेल ना. रोजच पडतो."

आत्याचा बेत असा. संध्याकाळी शंख वाजला की गाव जागच्या जागी थांबतं. घरोघरी प्रार्थना होते आणि तोवर रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. तरणी पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर पहारा करतात. वाटसरू सापडला तर त्याने समोरच्या घरात शिरायचं आणि त्या घराने त्याला आत घ्यायचं. यात कुणी कुणाकडे जात नाही की कुणी कुणाला बोलावत नाही. सगळं शंखावर. शंख वाजताना आपण बरोबर माइनाच्या घरासमोर असलो, की झालं.

पण आत्याने हिशेब केला तो आपल्या गावच्या शंखाने. आपला शंख उशिरा वाजतो, कारण आपल्या पोरांचा व्हॉलीबॉल संपत नाही. फांगालोतोचे लोक शिस्तीचे. निळ्या खांबांचं घर दिसत होतं, खांबांमधून माणसंही दिसत होती, आणि तेवढ्यात शंख वाजला. तीन घरं अलीकडे.

आत्या जागीच खिळली. मग तिने चक्क पळायचा प्रयत्न केला. पहारेकरी पोराने हात आडवा केला. "आजी, कुठे निघालात? आत व्हा."

"अरे, ते तिकडे…"

"प्रार्थनेनंतर तिकडे."

ते घर सोसेचं. सोसे म्हणजे फांगालोतोची बातमीपत्रिका. तिने दोघींना हाताला धरून आत ओढलं, चटईवर बसवलं आणि भजन सुरू केलं. एलुनेदने मान वळवून पाहिलं, तर आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खर्जात गात होती, एकही सूर न चुकवता.

शेवटचं आमेन झालं, दुसऱ्या शंखाने गाव मोकळं झालं, आणि सोसेने ताटं मांडली. अळूच्या पानात शिजवलेलं नारळाचं दूध, मासे, केळी. मग ती खांबाशी गेली आणि तोंडाला हात लावून ओरडली, "माइना! अगं ए माइना! तुझी थोरली बहीण माझ्याकडे जेवायला बसलीये गं!"

आत्याच्या हातातली केळी ताटात पडली.

तीन घरांचं अंतर माइनाने किती वेळात कापलं कोण जाणे, पण ती आली ती हातात उलथणं घेऊनच.

"सोसे, माझी बहीण तुझ्याकडे का जेवेल? माझ्या घरी काय दुष्काळ पडलाय?"

"शंख माझ्या दारात वाजला," सोसे ताटापुढे आडवी बसली. "माझी पाहुणी आहे."

"पाहुणी? मी आणि ती एका चटईवर निजत होतो. उद्या गाव म्हणेल, माइनाच्या बहिणीला शेजारणीने खाऊ घातलं. मेले तरी हे बोलणं मिटायचं नाही!"

"मग आधी यायचंस. प्रार्थनेत काय झोपली होतीस?"

"तुझा एवढा मोठा आवाज! झोपेन कशी?"

मग माइना एकदम आत्याकडे वळली. "आणि तू! पुलापासून इथवर यायला एवढा वेळ? नवरा कधीच घरी येऊन सांगून गेला, 'तुझी ताई उतरली, गरगरतंय म्हणाली, तब्येत ठणठणीत आहे.' तेव्हापासून भट्टीवर झाकण ठेवून बसलेय मी. चप्पल झटकत होतीस म्हणे! आणखी तीन घरं चालवलं नाही तुला?"

आत्याने वर पाहिलं. "त्या दिवशी मी तुला हाक मारली नाही, माइना. मला वाटलं, आता पुलेआ घराचा मानकरी, तो बोलावेल. त्याचा मान."

"आणि त्याला वाटलं, चूल तुझी, तू बोलावशील. तो मागेच सांगून गेलाय, नवऱ्याला बसमध्ये भेटला तेव्हा."

"मग तू आली का नाहीस?"

"थोरलीने बोलवावं की धाकटीने न बोलावता यावं?" माइना म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं होतं, कुणालाच बोलवायचं नव्हतं. आपल्या तिघांच्या वाटण्यात माझं ताट राहिलं."

आत्या उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने ऐकली नाही. तिने माइनाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नाकाला नाक लावून ती तशीच उभी राहिली. उलथणं मध्ये अडकलं होतं, ते एलुनेदने हळूच काढून घेतलं.

सोसेनेही डोळे पुसले, पण ताटं सोडली नाहीत. शेवटी तोड निघाली: सोसेच्या घरची ताटं उचलून सगळे माइनाच्या घरी गेले, सोसेसुद्धा, आणि दोन्हीकडचं जेवण एकाच चटईवर झालं. ड्रायव्हर मेव्हणा कोपऱ्यात बसून आत्याला पंखा घालत होता आणि खुशाल हसत होता.

एलुनेदची फेरी तिथेच संपली. पश्चिमेचं टोक, झाडांवरचा पूल, सगळं राहिलं. उरलेली सुट्टी तिने दोन म्हाताऱ्या बहिणींच्या मध्ये बसून नारळ खवण्यात घालवली. दोघी एकमेकींचं खवणं कसं चुकतं ते तिला सांगत.

घरी परतल्यावर पहिल्या संध्याकाळी पुलेआने ताईला प्रार्थना सांगायला लावली. तिने पावसाबद्दल आभार मानले, माशांबद्दल मानले, फांगालोतोच्या घाईच्या शंखाबद्दल मानले, सोसेच्या आवाजाबद्दल मानले.

"आणि देवा, वेल्स म्हणून जे कुठलं गाव आहे, तिथल्या आईबापांना सुखी ठेव. त्यांची पोर आमच्याकडे आली, आणि शाळेला सुट्टी असते आणि सुट्टीत कुठेतरी जायचं असतं हे आम्हाला कळलं."

पुलेआने एक डोळा उघडून एलुनेदकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती, आणि आमेन म्हणायला तिला बराच उशीर झाला.