वहिनीचं कांडप आणि वाडीची लाज

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. कधी? अक्षय्य तृतीयेला तिनं आमच्या वाडीत मसाला कांडपाचं मशीन सुरू केलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. घरोघरी मिरच्या उन्हात वाळत पडलेल्या, वर्षाच्या मसाल्याची घाई, आणि तिच्या पडवीत एक बाई फिरकली नाही. आदल्या दिवशी हीच वाडी नारळ घेऊन आली होती.

मला वाटलं, हा बोर्लीच्या बाजारातल्या जुन्या कांडपवाल्याचा डाव. मी पत्रकं लिहिणारा माणूस, शत्रू मला लगेच सापडतो. मथळा डोक्यात तयार ठेवूनच त्याच्या दुकानात शिरलो. तर रांगेत माझी सख्खी आत्या, मिरचीची पिशवी घेऊन!

"आत्ये, घरचं मशीन सोडून इथं?"

"आरं, काल पयलं कांडप माझंच केलं तिनं. मजुरी दिली तर घेतली न्हाय, वर ओटी भरली. ही लेकीची मिरची. तीबी फुकट कांडून घेऊ? मला लाज हाय का न्हाय?"

रांगेतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्या आमच्याच वाडीतल्या, कुणी काकी, कुणी मामी. दुकानदार मला म्हणाला, "घ्या, ओरडा आता. मी काय दार लावून बसू?"

घरी येऊन वहिनीवर चिडलो. ती म्हणाली, "आत्याबाईंकडून मजुरी घेऊ? भावोजी, तुम्ही पत्रकं फुकटच वाटता, तुम्हाला बोलायला काय जातंय!" मी दरांचा फलक रंगवून टांगला. पुढे एक मावशी डोकावली, तेव्हा वहिनीनं त्यावर टॉवेल टाकला.

आता अलिबागचा एक माणूस मशीन बघून गेलाय. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. तोवर गिऱ्हाईक लागलं नाही, तर ती मशीन त्याला विकून टाकणार.

पत्रक लिहायला बसतो, 'जाहीर निषेध' लिहितो, आणि कुणाचा ते सुचत नाही. आत्याचा? ती तर वहिनीला तोशीस नको म्हणून एसटीचे धक्के खाते. मग वहिनीचा? नव्या धंद्याला भांडवल लागतं, परवाना लागतो, हे मला पाठ होतं. आपल्या माणसाकडून पैसे घ्यायला काय लागतं, ते अजून कळत नाही.

तेव्हा निषेध राहू दे. तुमच्याही वाडीत कुणी नवं दुकान मांडून बसलं असेल. आज जा. काम करून घ्या, मजुरी ठेवा. "घरचंच आहे" म्हणत ती परत करतील. घेऊ नका. चपला घाला आणि निघा.